कोल्हापुरात गुरुवारी एचएसजी (गर्भाशय आणि गर्भनलिकांचा एक्स-रे) आहे. फार दुखतं का? भीतीने झोप नाही, काय करू?

ताई, दुखतं, पण बहुतेकींना पाळीतल्या कळांसारखंच, आणि मोठी कळ डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव औषध) आत सोडतानाच्या मिनिटा-दोन मिनिटांची असते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेऊ का, कोणती, हे आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. मी राजारामपुरीत एक्स-रे विभागात नर्स आहे, बायकांचा हात धरून टेबलापाशी उभी असते, त्यावरून सांगते. भीतीने मांड्या आणि ओटीपोट आवळलं की स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरायचं साधन) जास्त बोचतं. तोंडाने लांब श्वास सोडत राहा. आणि टेबलावर आडवं होण्याआधीच सांगून ठेवा: "डाय सावकाश सोडा, मी हात वर केला की थांबा." "बाळ हवंय ना, मग सोसायला पाहिजे" असं कुणी म्हणालं तरी हे मागायला कचरू नका, सोसण्याने रिपोर्ट चांगला येत नाही.

ट्यूब (गर्भनलिका) बंद असेल तर कळ जास्त येऊ शकते. आयोडीनची ॲलर्जी, दमा, अल्सर असेल तर आधीच सांगा. नंतर कुणाकुणाला चक्कर येते, तेव्हा गारगोटी-गडहिंग्लजकडून येत असाल तर एसटीने एकट्या परतू नका. ताप आला, घाण वासाचा स्राव किंवा पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी दाखवा.