पेशी नंतर, आधी जेल

प्रिय संशोधक,

तुझा प्रस्ताव वाचला. जिलेटिनचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल), त्यात ग्राफीन (कार्बनचा अतिपातळ थर), शिवाय मज्जारज्जूची दुरुस्ती! पदवीच्या प्रकल्पाला हे झेपणार नाही. ग्राफीन आणि मज्जारज्जू दोन्ही खोडलंय, रागावू नकोस.

उरला एवढाच प्रश्न: जेल किती मऊ असलं की पेशींना लांब तंतू फुटतात? पुरेसा अवघड आहे. कडकपणा पास्कलमध्ये मोजतात: मेंदूची ऊती साधारण १ किलोपास्कल किंवा त्याहून मऊ. आपली पेशी वाढवायची प्लास्टिकची डिश गिगापास्कलमधली, म्हणजे लाखो पट कडक. मूलपेशी मऊ जेलवर चेतापेशींचं वळण घेतात आणि कडक जेलवर हाडाच्या पेशींचं, हे अमेरिकन संशोधक डिशर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं.

पण इथेच गोम आहे. जेल कडक करायला तू जिलेटिनचं प्रमाण वाढवशील. पेशी ज्यांना धरून बसतात ते आरजीडीचे तुकडे (तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी) जिलेटिनमध्येच असतात, म्हणजे कडकपणाबरोबर पकडीच्या जागाही वाढल्या. मग पेशींनी दाद दिली ती नक्की कशाला? त्यापेक्षा जिलेटिन मेथॅक्रिलेट, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारं जिलेटिन घे, प्रमाण तेच ठेव आणि फक्त प्रकाश देण्याचा वेळ बदल. तरीही जेलच्या आतल्या जाळीची छिद्रं बदलतातच. ते अहवालात स्पष्ट लिही.

मोजमाप ३७ अंशांवर, जेल पेशींच्या पोषक द्रवात पूर्ण फुगल्यावरच. खोलीच्या तापमानाला जिलेटिन आपोआप थिजतं आणि रिओमीटर (कडकपणा मोजायचं यंत्र) खोटा कडकपणा दाखवतो. हा आकडा छापून मोकळे झालेले लोक कमी नाहीत.

पेशी पीसी१२ घेऊ, म्हणजे चेतापेशींसारखे तंतू फुटू शकणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पेशी. नुसत्या प्लास्टिकला त्या नीट चिकटत नाहीत, गुठळ्या करतात. म्हणून तुलनेची डिश कोलॅजेन लावलेली हवी. तंतू कशाला म्हणायचं ते आधीच ठरव. पेशीच्या व्यासाहून लांब तोच मोजायचा, हा नेहमीचा नियम चालेल. फोटोंवरची नावं दुसऱ्या कुणाकडून तरी झाकून घे, मग मोज. आणि एकाच फ्लास्कमधून एकाच दिवशी भरलेल्या प्लेटमधल्या तीन खाचा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. यावर मी अडून बसणार, आत्ताच सांगून ठेवतो.

पोस्टरवर 'चेता-पुनर्निर्मिती' लिहू नकोस. पीसी१२ उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून आलेल्या पेशी आहेत. हातापायांतली तुटलेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, मज्जारज्जूत तर व्रणच आडवा येतो. त्यातलं काहीच आपल्या डिशमध्ये नाही.

सोमवारी रिओमीटर मोकळा आहे. पेशी नकोत, वेगवेगळा वेळ प्रकाश दिलेली नुसती जेल घेऊन ये, आदल्या रात्रीच भिजत घातलेली.