एनिमाची दुसरी बाटली लावू नका

ताई, तुम्ही लिहिलंत की सासूबाई ६८ वर्षांच्या, उजव्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय, पाच दिवस संडासला झालेलं नाही. आणि तासगावातल्या मेडिकलवाल्यानं दोन एनिमा (संडासच्या जागेतून आत सोडायचं पातळ औषध) देऊन सांगितलं, 'एकानं नाही झालं तर दुसरा लावा.' दुसरा लावायचा नाही. पहिलासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी मिरजेत वॉर्डात सिस्टर होते, म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

त्या १०० मिलीच्या बाटलीत नुसतं मिठाचं पाणी नसतं, सोडियम फॉस्फेट असतं. ते आतड्यात पाणी ओढून घेतं, त्यानं मळ सैल होतो. पण औषध बाहेर पडलंच नाही तर फॉस्फेट रक्तात उतरतं, कॅल्शियम घसरतं आणि किडनीवर, हृदयावर बेततं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१४ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता: २४ तासांत एकच डोस, त्याहून जास्त नाही. वय ५५ च्या पुढे, अंगात पाणी कमी, किडनीचा त्रास, बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी, आयब्युप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी, यातलं काहीही असेल तर धोका वाढतो. सासूबाईंना बीपीची गोळी आहेच. शिवाय उठवावं लागतं म्हणून त्या पाणी पीत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय.

आधी त्यांचं पोट बघा. फुगून टणक झालंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, ताप आहे, सारखी कळ येतेय किंवा रक्त पडतंय, तर घरी काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि थोडं थोडं पातळ पाझरत असेल तर त्याला जुलाब समजून बंद करायची गोळी देऊ नका. आत घट्ट मळाचा खडा अडकला की त्याच्या कडेनं पाणी गळतं. घरच्यांची इथेच गफलत होते.

यातलं काही नसेल तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करून सपोझिटरीबद्दल, म्हणजे संडासच्या जागेतून आत सरकवायच्या औषधाच्या वडीबद्दल विचारा. ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची असते. मोठ्या माणसाला बिसाकोडिल १० मिलिग्रॅमची एक, दिवसातून एकदाच. फिशर, म्हणजे संडासच्या जागी चीर असेल तर ती फार झोंबते, तसं आधी सांगा.

सकाळी चहानंतर द्या, तेव्हा आतडं आपसूक हलतं. आपल्याकडच्या उन्हात पिशवीतून आणेपर्यंत ती मऊ पडते. मग पाकिटासकट गार पाण्यात धरा, घट्ट झाली की वेष्टन काढा. सासूबाईंना डाव्या कुशीवर वळवा, दोन्ही पायांमध्ये जाड उशी ठेवा. एरवी गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, पण खुब्याच्या पेशंटला तसं करू नका. पाय किती वाकवायचा तेही फोनवरच विचारून घ्या. हातमोजा घालून सपोझिटरी पाण्यात बुडवा, व्हॅसलीन नको. त्यांना लांब श्वास सोडायला सांगा आणि त्याच वेळी बोटाच्या पहिल्या पेरापेक्षा थोडी आत सरकवा. मळाच्या खड्यात खुपसली तर फुकट जाते, आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. जोर लावावा लागला तर थांबा.

पंधरा मिनिटांपासून तासाभरात परिणाम होतो. कमोडची खुर्ची आधीच पलंगाशी आणून ठेवा आणि त्या बसल्यावर जवळ उभ्या राहा. म्हाताऱ्या माणसाला कुंथताना चक्कर येते, आणि त्या खुब्यावर पडणं परवडणार नाही. तासाभरात काहीच झालं नाही तर दुसरी सपोझिटरी नको, एनिमा नको, परत डॉक्टरांना फोन. खडा बोटानं काढावा लागतो कधीकधी, पण ते काम सिस्टरचं, तुमचं नाही.

ट्रॅमाडॉल (दुखण्याची), लोह आणि कॅल्शियम, ऑपरेशननंतरच्या या तिन्ही गोळ्या पोट बांधतात. तुम्ही पाठवलेल्या गोळ्यांच्या यादीत तिन्ही दिसल्या. आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगून सोबत रात्री लॅक्टुलोज (मळ मऊ करणारं पातळ औषध) मागून घ्या. पाणी नीट पिईपर्यंत इसबगोल नको, कमी पाण्यात ते आतच घट्ट होऊन बसतं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दर तासाला अर्धं भांडं पाणी तुम्हीच हातात द्या, त्या स्वतःहून मागणार नाहीत.