पान फाडायचं नाही

अनेक आशीर्वाद.

परवा तू चित्रांची वही ठेवून गेलीस आणि विचारलंस, "यातलं काहीच दाखवण्यासारखं नाही, तर वही चालू ठेवू का?" मी कागद मोजले. ४८ कागदांची वही, उरलेत ३१. चित्रांचं नंतर बघू, आधी ते १७ कागद कुठं गेले ते सांग.

शिवलेल्या वहीत एक मोठा कागद मधोमध दुमडून दोन पानं होतात. त्यातलं एक ओढून काढलंस की त्याचं जोडपान शिवणीतून सैल होतं आणि आठवड्याभरात तेही हातात येतं. म्हणजे एका वाईट चित्रापायी एक चांगलं गेलं. फाडायचं नाही.

रंकाळा तलावाच्या चित्राचं पान तू मुळापासून काढायला गेलीस, तरी शिवणीत बोटभर पट्टी राहिलीय. तिच्यावर निळ्याचे बारीक गडद ठिपके आहेत, रंगाची कड पिसासारखी फुटलीय. म्हणजे त्या कागदाचं साइझिंग गेलं होतं. पाणी वरच्यावर थांबावं म्हणून कागदाला जी खळ दिलेली असते, ती दमट हवेत राहून कमजोर होते. मग कागद टिपकागदासारखा रंग पितो. आपल्याकडचा जुलै तुला सांगायला नको. त्या कागदावर सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर, कुणालाच बसला नसता. तू मात्र "मला पाणी काढता येत नाही" असं ठरवून मोकळी झालीस! पूर्ण पान समोर असतं तर उलगडा तिथंच झाला असता.

यापुढं रंगवण्याआधी मागच्या पानाच्या कोपऱ्यात ओला ब्रश टेकव. पाणी चकाकत राहिलं तर कागद ठीक. लगेच मुरून गडद डाग पडला तर ती वही पेन्सिल आणि बॉलपेनसाठी ठेव. पावसाळ्यात वही भिंतीला टेकवून ठेवू नकोस, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. नवी घेशील तेव्हा ए-फाइव्ह आकाराची, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) आसपासची घे. त्याहून पातळ कागद ओल्या वॉशखाली लाटा धरतो. भारी वही मात्र घेऊ नकोस, हात भितो.

वही आणल्याबरोबर सगळ्या पानांना आकडे घाल. आकडा पडला की फाडलेलं लपत नाही.

आता नोंद. चित्राखाली तारीख, वेळ, जागा, उजेड कुठल्या बाजूचा, कुठले रंग, आणि काय फसलं. "बिघडलं" ही नोंद नव्हे गं. "आकाश अर्धवट वाळलेलं असताना जास्त ओल्या ब्रशनं झाड लावलं, पाण्यानं रंग कडेला ढकलला, डाग फुलला" ही नोंद. महिनाअखेरीला सगळं वाच. जी चूक तीनदा आली असेल, पुढचा महिना फक्त तिच्यावर. माझ्या पहिल्या वह्यांवर तारखा नाहीत, त्यांचा क्रम आज मलाच लागत नाही. म्हणून हा हट्ट.

रंगाआधी ५ बाय ७ सेंटिमीटरच्या तीन चौकटी आखून उजळ, मधला, गडद एवढ्या तीनच छटांत दृश्य बसव. पाण्यातलं प्रतिबिंब मूळ वस्तूची हुबेहूब नक्कल नसतं: उजळ वस्तू पाण्यात थोडी गडद दिसते, गडद वस्तू थोडी उजळ. तुझ्या सगळ्या घाटांवर हे चुकलंय.

तालमीतले पैलवान हलतात म्हणून अर्धवट राहिले, ही तुझी तक्रार. अगं, जोर मारताना तीच ठेवण फिरून फिरून येते. एका पानावर चार आकृत्या एकदमच सुरू कर. जी ठेवण परत येईल तिच्यात दोन रेषा घाल. बॉलपेननं, खोडरबर घरी ठेवून. वस्तादांना विचारून बस, एवढंच.

मोबाइलवर दिसणाऱ्या त्या सजवलेल्या वह्या बाजूला ठेव. त्या दाखवायला केलेल्या असतात. मी वहीला गुण देत नाही म्हणून पालक कुरकुरतात, करू देत. गुण आले की पानं फाटायला लागतात. आपल्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले, तोवर इथल्याच कोटितीर्थ तलावाच्या परिसरातलं पाणी नि झाडं पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. तुला एका रंकाळ्याचा चौथ्या दिवशी कंटाळा येतो?

रविवारी सकाळी सातला रंकाळ्यावरच्या संध्यामठाजवळ ये, हीच वही घेऊन. ती पट्टी शिवणीतून उपटू नकोस. तिच्या शेजारच्या पानावर साइझिंगचं कारण लिहून आण. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाजे घाल.