आधी पाय बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीचा (डी-लाइनचा), कोच व्हायचं म्हणतोस आणि घरच्यांना हा धंदा कसा समजावू म्हणून विचारतोस. त्यांना कुस्तीचा दाखला दे. समोरासमोर दोन दांडगी माणसं. अंग खाली कोणी ठेवलं आणि आतून हात कोणाचे बसले, यावर निकाल. कुस्ती काही मिनिटं चालते, इथे एका सेकंदात फैसला होतो, आणि तोही एका सामन्यात साठ-सत्तर वेळा. चेष्टा म्हणून सांगत नाही. कुस्ती खेळलेला पोरगा डी-लाइनवर लवकर तयार होतो, कारण अंग खाली ठेवून ढकलणं त्याच्या अंगात असतं.

आता कामाचं. या धंद्यात चूक जिथे दिसते तिथे ती बहुधा नसते. पोराचे हात सुटले असं दिसतं, पण बिघाड पहिल्या पावलात असतो. पहिलं पाऊल चुकलेलं दिसतं, पण बिघाड स्टान्समध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पवित्र्यात, असतो. म्हणून फिल्म बघताना उलटं जायची सवय लाव: आधी पाय, मग कंबर, मग हात, आणि बॉल सगळ्यात शेवटी. बॉल बघायला स्टेडियमभर माणसं बसलेली असतात.

स्टान्सपासून सुरू कर. पाय खांद्याएवढे किंवा थोडे जास्त फाकलेले, मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत. जमिनीवरचा हात खांद्याच्या थोडा पुढे, आणि त्यावर इतकं वजन की कोणी तो हात काढून घेतला तर पोरगा पुढे कोसळावा. कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर. कंबर खाली राहिली की पहिली हालचाल पुढे न होता वर होते. पोरगा उभा राहतो आणि समोरच्या गार्डला (त्यांच्या लाइनमधल्या ब्लॉकरला) छाती आयती मिळते. तिथे 'खाली राहा, खाली राहा' म्हणून ओरडून काही होत नाही. त्याचा हात चार इंच पुढे सरकव, कंबर आपोआप वर येईल. दुसरी नेहमीची खोड म्हणजे स्नॅप झाल्यावर, म्हणजे बॉल मागे देऊन डाव सुरू झाल्यावर, पुढचा पाय उचलून तिथेच किंवा मागे टाकणं. वजन टाचेवर असलं की असं होतं. पहिलं पाऊल सहा इंचांचं, आणि दुसरं लगेच जमिनीला लागलं पाहिजे, कारण भिडण्याच्या क्षणी दोन्ही पाय खाली असावे लागतात.

गेट-ऑफचा, म्हणजे बॉल हलताच निघण्याचा, सराव घेताना काठीला बांधलेला बॉल वापर. काठी तू धरू नकोस. एखादा जखमी खेळाडू किंवा मॅनेजर धरेल. तू बाजूला, लाइनच्या रेषेत उभा राहा, म्हणजे सगळ्यांची पहिली पावलं एकदम दिसतील. बॉल हलवणारा एकाच तालात हलवू लागला की पोरं ताल पाठ करतात, बॉल बघत नाहीत. मग सामन्यात क्वार्टरबॅकने (त्यांचा डाव चालवणाऱ्याने) आवाज चढवून फसवलं की ऑफसाइड, म्हणजे वेळेआधी रेषा ओलांडणं; पाच यार्डांचा दंड. समोरच्यांना तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) चार यार्ड हवे असताना हे झालं की तुझ्याकडे कोण कसं बघतं ते तुला कळेलच. म्हणून आवाज एक देऊ दे आणि बॉल दुसऱ्याच वेळी हलू दे, रोज.

जागांचे आकडे तुला पाठ असतील, तरी डोळे मिटून सांगता यावेत इतके पाठ कर. आपला पोरगा समोरच्या कोणापुढे उभा, ते हे आकडे सांगतात; समोरच्या लाइनमध्ये मधोमध सेंटर, मग गार्ड, मग टॅकल, टोकाला टाइट एंड. शून्य म्हणजे सेंटरच्या नाकासमोर, ३ म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, ५ टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर, ९ टाइट एंडच्या बाहेर. आणि '४ आय' म्हणजे टॅकलच्या आतल्या खांद्यावर. या पद्धतीचं श्रेय टेक्सासच्या बम फिलिप्स यांना देतात. प्रत्येक कॉलेजात थोडा फरक असतो, तेव्हा नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी त्यांचे आकडे विचार; आपले लादू नकोस.

ब्लॉक ओळखायला शिकवणं हा या कामाचा गाभा. पोराचे डोळे समोरच्या लाइनमनच्या हेल्मेटवर हवेत. हेल्मेट वर उठलं तर पास. बाहेरच्या बाजूला सरकलं तर तो बाहेरून गाठायला निघालाय. समोरचा टॅकल आतल्या बाजूला गेला तर ५ टेक्निकच्या (५ आकड्याच्या जागेवरच्या) पोराने त्याच्या कमरेला चिकटून आत सरकायचं, कारण मागून बहुतेक वेळा गार्ड धावत येत असतो. तिथे गार्डच्या आत घुसून धाव बाहेर ढकलायची की बाहेर राहून आत वळवायची, हे तुझ्या कोऑर्डिनेटरकडून (सगळा बचाव आखणाऱ्या कोचकडून) लेखी घे. पोराला एक सांगितलेलं आणि लाइनबॅकरला (डी-लाइनच्या मागे उभा असतो त्याला) दुसरं, असं झालं की दोघांच्या मध्ये भोक पडतं, आणि शनिवारच्या सामन्यात त्यातून चाळीस यार्ड निघतात.

डबल टीमवर, म्हणजे दोघांनी मिळून एकाला अडवण्यावर, थोडं सविस्तर लिहितो, कारण नवे कोच इथेच घसरतात. १ टेक्निकचा (सेंटर आणि गार्डच्या मधला) पोरगा सेंटरशी भिडला आणि बाजूने गार्डने धडक दिली. पोरगा काय करतो? धडक कुठून आली ते बघायला वळतो. वळला की छाती उघडी पडते, दोन्ही पाय एका रेषेत येतात, आणि दोघं मिळून त्याला पाच यार्ड मागे, थेट लाइनबॅकरच्या पायात नेऊन टाकतात. शिकवायचं ते असं: ज्याच्याशी आधी भिडलास त्याला सोडू नकोस, धडक आली त्या बाजूची कंबर आणि खांदा खाली टाक, पाय चालू ठेव. तेवढ्यानेही भागलं नाही तर गुडघा टेकून तिथेच ढीग कर. ढीग झाला तरी आपण जिंकलो, कारण दोन माणसं एकावर खर्च झाली आणि लाइनबॅकर मोकळा राहिला. आकडेवारीच्या कागदावर या पोराच्या नावापुढे शून्य असेल. तुझ्या ग्रेड शीटवर (पोरांच्या कामाला मार्क देतोस त्या कागदावर) मात्र त्याला पूर्ण मार्क हवेत आणि रविवारी सगळ्यांसमोर ते वाचूनही दाखव, नाहीतर नोज टॅकलचं (सेंटरसमोरच्या पोराचं) काम कोणी मनापासून करणार नाही.

पास रशमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आत त्याला गाठताना, पोरांना फोनवर बघितलेल्या पंधरा हातचलाख्या करायच्या असतात. एक मुख्य डाव आणि त्याला एक उलट डाव, बस. बॉल अडीच-तीन सेकंदांत हातातून जातो. तेवढ्यात तिसऱ्या डावाला वेळच नसतो. ब्लॉकरच्या पूर्ण छातीवर जायचं नाही, त्याच्या अर्ध्या अंगावर जायचं. हात मारताना पाय थांबतात, ही सगळ्यात जुनी चूक आहे. तिच्यावर उपाय म्हणजे हाताचा प्रत्येक सराव चालत चालतच घ्यायचा. जागेवर उभं राहून घेतलेला सराव जागेवर उभं राहायलाच शिकवतो. एंड (आपल्या लाइनच्या टोकावरचा पोरगा) क्वार्टरबॅकच्या मागे निघून गेला तर पळणारा क्वार्टरबॅक त्याच वाटेने सुटतो. त्याला सांग, क्वार्टरबॅकच्या खांद्याच्या रेषेत आलास की पुढे जाणं बंद, तिथून आत वळ.

वेळेचा हिशेब कर, कारण वेळ तुझ्याकडे नसतोच. इंडिव्हिज्युअल पीरियड (इंडी), म्हणजे फक्त तुझ्या पोरांच्या सरावाचे तुकडे, साधारण पाच-पाच मिनिटांचे. तुला दोन मिळाले तर दहा मिनिटं. बारा पोरं एका रांगेत उभी केलीस आणि एकेकाला वीस सेकंद दिलेस, तर तीस वेळा सराव होईल, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीच. त्याच बारा पोरांच्या सहा जोड्या कर, एक ढाल धरेल, एक मारेल, मग अदलाबदल. त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाला पंधरा मिळतात. रांगेत उभा असलेला पोरगा काही शिकत नाही, फक्त घाम वाळवतो. स्प्रिंगमध्ये (वसंतातल्या सरावात) एफबीएसला (कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटाला) ३४ दिवसांत १५ सराव मिळतात, मोसमात आठवड्याला २० तास, आणि त्यातच मीटिंग, फिल्म, वजनं सगळं आलं. मीटिंगमध्ये भाषण ठोकू नकोस. चाळीस क्लिपऐवजी बारा दाखव आणि प्रत्येकीवर पोरांकडून उत्तर काढ.

उन्हाळ्याबद्दल मात्र विनोद नाही. तीनशे पौंडांचं शरीर हेल्मेट-पॅडसकट ऑगस्टच्या उन्हात तापतं ते लवकर थंड होत नाही. २०१८ साली मेरिलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा लाइनमन सरावातल्या धावांनंतर उष्माघाताने गेला. त्याला बर्फाच्या पाण्यात वेळेवर बुडवलं गेलं नव्हतं. आधी थंड करायचं, मग हॉस्पिटलला न्यायचं, हा क्रम आहे. पाण्याची टाकी कुठे ठेवली आहे ते सराव सुरू होण्याआधी स्वतः जाऊन बघ. शिक्षा म्हणून पळवू नकोस. ट्रेनरने (पोरांची तब्येत बघणाऱ्याने) 'थांबव' म्हटलं की तू वाद घालायचा नाहीस. तो अधिकार त्याचा.

आता नोकरीची वाट. बहुतेक जण ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून शिरतात, म्हणजे पदव्युत्तर वर्गात नाव आणि दिवसभर फुटबॉल ऑफिस. मानधन तुटपुंजं. काम म्हणजे फिल्म कापणं, प्रतिस्पर्ध्याचे डाव कार्डांवर काढणं, सरावात प्रतिस्पर्धी बनून खेळणारी स्काउट टीम उभी करणं. ही कार्डं हलक्यात घेऊ नकोस. समोरच्या टीमचा गार्ड कोणत्या पायाने निघतो हे शंभर वेळा काढलंस की ब्लॉक ओळखायला तू स्वतः शिकतोस. पूर्वी अ‍ॅनालिस्टला (फिल्मचा अभ्यास करणाऱ्या सहायकाला) मैदानावर तंत्र शिकवायची बंदी होती. २०२४ च्या उन्हाळ्यात एनसीएएने (कॉलेज खेळांच्या संघटनेने) एफबीएसमधली ती अट काढली. त्यामुळे मोठ्या कॉलेजात अ‍ॅनालिस्ट होणं आता पूर्वीइतकं वाया जात नाही. तरी माझं मत विचारशील तर, डिव्हिजन तीनच्या छोट्या कॉलेजात स्वतःची खोली आणि स्वतःची आठ पोरं मिळत असतील तर आधी तिकडे जा. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसते, कपडे धुण्यापासून बस ठरवण्यापर्यंत सगळं तुझ्या गळ्यात पडेल. पण मोठ्या ठिकाणी तीन वर्षं दुसऱ्याच्या मागे उभं राहून जे कळत नाही, ते तिथे एका मोसमात कळतं: आपण सांगितलेलं पोराला समजलं की नाही.

घाईही करू नकोस. डी-लाइनचे नावाजलेले कोच लॅरी जॉन्सन १९९६ पर्यंत हायस्कूलमध्येच शिकवत होते. तिथून पेन स्टेट विद्यापीठ, मग २०१४ पासून ओहायो स्टेट. त्यांच्या हाताखालून जोई बोसा, निक बोसा आणि चेस यंग हे तिघेही एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीच्या) पहिल्या तिनांत गेले. उलट बाजूही बघ. एड ऑर्जेरॉन डी-लाइन शिकवत शिकवत एलएसयूचे (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे) मुख्य कोच झाले, २०१९ च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं, आणि २०२१ च्या मोसमाअखेर त्यांना पद सोडावं लागलं. मुख्य कोच गेला की बहुतेक वेळा सगळा स्टाफ जातो. तुझी लाइन देशात पहिली असली तरी. म्हणून घर विकत घ्यायची घाई नको, सामान कमी ठेव, आणि करारातली मुदत व नुकसानभरपाईची कलमं वकिलाकडून वाचून घे.

रिक्रूटिंगमध्ये (टीमसाठी नवी पोरं निवडताना) पोराची निवडक क्लिपांची रील बघून भुलू नकोस. पूर्ण सामना माग आणि चौथ्या क्वार्टरचे शेवटचे दहा प्ले बघ. धाव दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा तो धावला का, ते बघ. हातांची लांबी मोज, घोट्याची लवचिकता बघ, बास्केटबॉल किंवा कुस्ती खेळतो का विचार. वजन वाढवता येतं, घोटा वाकायला लावता येत नाही. आता पोर्टल (कॉलेज बदलायची सोय) आणि पैशांमुळे तू घडवलेला पोरगा मोसम संपला की दुसरीकडे जाईल. मनाला लावून घेऊ नकोस आणि त्याच्याशी तोडूही नकोस. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ तुझ्याकडे येऊ शकतो.

मुलाखतीत तुला बोर्डासमोर उभं करून म्हणतील, मी अठरा वर्षांचा पोरगा आहे, मला स्टान्स शिकव. तिथे मोठे शब्द कामाचे नाहीत. त्या माणसाला खरंच खुर्चीतून उठव, हात जमिनीला लावायला सांग आणि त्याची कंबर कुठे आहे ते दाखव. सोबत तीन कागद ने: पंधरा दिवसांच्या स्प्रिंगची योजना, तुझी ग्रेड शीट आणि प्रत्येक ड्रिलपुढे ती सामन्यातल्या कोणत्या प्रसंगासाठी आहे त्याची यादी. ज्या ड्रिलपुढे काही लिहिता आलं नाही, ती काढून टाक. जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन भरतं. तिथे हॉटेलच्या लॉबीत बायोडेटा वाटत फिरू नकोस. बोर्डावर काही चाललं असेल त्या खोलीत मागे बस, वही काढ, आणि संपल्यावर बोलणाऱ्याला नेमका एकच प्रश्न विचार. चेहरा त्यानेच लक्षात राहतो.

पुढच्या पत्रात मला दहा मिनिटांची इंडीची योजना पाठव. पोरं अकरा धर, बारा नव्हे. एक कोणीतरी कायम ट्रेनरकडे असतोच. अकराव्याचं काय करणार, तेही लिही.

— काका