मंत्र ऐकला की छातीत धडधडतं, माझी श्रद्धा उडाली का?

"मॅडम, देवाचं नाव कानावर पडलं की पळून जावंसं वाटतं. माझ्या हातून काही पाप घडलंय का हो?" काकूंनी बसल्या बसल्या हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) साठीच्या आसपासचं वय, यजमान जाऊन काही महिने झालेले. माहेर वारकऱ्यांचं, हरिपाठ लहानपणापासून पाठ. आणि आता शेजारी सकाळी महामृत्युंजय मंत्र लागला की यांच्या तळहातांना घाम सुटे, त्या धावत जाऊन खिडक्या लावून घेत. जाऊबाई म्हणाल्या, जप वाढवा. वाढवला, तर झोपही गेली.

असं विचारणारे बरेच येतात. कुणाला आरतीत रडू आवरत नाही, कुणी देव मानत नाही तरी भजनाने गलबलतो, कुणाला रोजच्या जपात काहीच वाटेनासं होतं. सगळ्यांचा हिशेब एकच: आतून जे वाटलं, तेवढीच आपली श्रद्धा. हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो.

काकूंना मी विचारलं, हा मंत्र सगळ्यात जास्त कुठे ऐकलात? त्या बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आयसीयूत. ह्यांच्या उशाशी." मुलाने मोबाईलवर १०८ आवर्तनांचं रेकॉर्डिंग लावून दिलं होतं. ते संपलं की पुन्हा सुरू व्हायचं. सोबत मॉनिटरची टिकटिक, सॅनिटायझरचा वास. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातली ही ऋचा म्हणजे मृत्यूच्या बंधनातून सोडवण्याची प्रार्थना. ती चालू असतानाच यजमान गेले.

पावलोव्हच्या कुत्र्यांचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी वाचलेला असतो. खाण्याआधी ठरावीक आवाज रोज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. भीतीही अशीच जोडली जाते. आवाज ओळखीचा निघाला की मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग धोक्याची सूचना देतो आणि आपण काही विचार करायच्या आत शरीर सावध होतं. काकूंचं शरीर मंत्राला नव्हे, त्या खोलीला घाबरत होतं. गंमत म्हणजे हरिपाठाने आयुष्यभर त्यांना जी शांती दिली, तिच्यातही या जोडणीचा मोठा वाटा होता. तो त्यांनी आईच्या मांडीवर, दिवेलागणीला ऐकला होता. शिवाय म्हणण्याची लय श्वासालाही वळण लावते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. लॅटिनमधली 'आवे मारिया' प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत संथ होतो, असं त्यात दिसलं. धर्म दोन, श्वास तोच.

हे ऐकून काकूंना हायसं वाटलं, पण खरा गुंता पुढेच होता. एकदा त्या पुटपुटल्या, "एवढं मागितलं, तरी नेलंच ना." आणि लगेच स्वतःच्या गालांत मारून घेतलं. भीतीखाली हा राग दबलेला होता. मी त्यांना जनाबाईंची आठवण करून दिली. विठ्ठलाला शिव्या घालणारे अभंग ज्या परंपरेने जपले, त्या परंपरेत देवावर रागावलेल्या बाईला नक्कीच जागा आहे. त्या दिवशी काकू मनसोक्त भांडल्या. माझ्याशी नव्हे, त्याच्याशी.

बाकीचं काम साधं होतं. रेकॉर्डिंग पूर्ण बंद. हरिपाठातला एखादाच अभंग, स्वतःच्या आवाजात, अंगणात तुळशीपाशी, श्वास लांबवर सोडत. आवाज आपलाच असला की वेग आपल्या हातात राहतो, हवं तिथे थांबता येतं. पुढे मंत्र आधी कागदावर नुसता वाचायचा, मग एकच ओळ अगदी हळू ऐकायची आणि भीतीला दहापैकी गुण द्यायचे. सहाच्या वर गेली की थांबायचं. झोप सुधारेना म्हणून मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. असा त्रास महिनोन्‌महिने टिकला, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर मदत मागायला कुणीही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

हरिपाठ काकू आता रोज म्हणतात. महामृत्युंजय मात्र अजून पूर्ण ऐकवत नाही. जाऊबाईंकडे पूजेत तो सुरू झाला की त्या उठून स्वयंपाकघरात प्रसादाचं बघायला जातात, आणि का उठले हे कुणाला सांगत बसत नाहीत.