'एलियन: आयसोलेशन' गेममधल्या एलियनला आपण कुठे लपलोय हे आधीच माहीत असतं का? पाचव्या मिशनमध्ये तो मला सारखा शोधून काढतो.

नाही, त्याला तुमची नेमकी जागा ठाऊक नसते. पण या गेममध्ये दुसरं एक डोकं आहे, आणि त्याला ती सतत ठाऊक असते. जखमी सहकारी टेलरसाठी ट्रॉमा किट आणायला 'सॅन क्रिस्टोबाल' नावाच्या दवाखान्यात गेलात की एलियन तुमच्याच आसपास घुटमळतो, ते यामुळे.

हा गेम क्रिएटिव्ह असेम्ब्ली या ब्रिटिश स्टुडिओने २०१४ मध्ये काढला. एलियनने या दारातून यायचं, त्या दारातून जायचं अशी पाठ केलेली वाट त्यांनी त्याला दिलीच नाही. एक अदृश्य 'दिग्दर्शक' वरून सगळं बघत असतो. तो एलियनला अधूनमधून एवढंच सुचवतो, की या भागात जाऊन बघ. कुठलं कपाट, कुठलं टेबल, हे तो सांगत नाही. पुढचं शोधकाम एलियनने स्वतःच्या डोळ्या-कानांनी करायचं. आणि तो फार वेळ तुमच्या जवळ राहिला, तुमच्यावर ताण फार झाला, की तोच दिग्दर्शक त्याला परत छतातल्या व्हेंटमध्ये, म्हणजे हवेच्या बोगद्यात पाठवतो. खेळणाऱ्याच्या भीतीचं असं माप ठेवलंय, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

आता लॉकरमध्ये लपण्याबद्दल. मीसुद्धा त्याच दवाखान्यात दोन रात्री अडकले होते. जरा आवाज आला की लॉकरमध्ये शिरायचे आणि तो जाईपर्यंत आत थांबायचे. पण आपण एकाच जागी राहिलो की त्याला सुचवला जाणारा भागही तोच राहतो. मग तो तिथेच फेऱ्या मारतो, लॉकरच्या फटीशी येतो, आणि नेमका तेव्हा आपला श्वास सुटतो. तिसऱ्या रात्री मी लॉकर सोडलेच. वाकून चालायचं, त्याच्या आणि आपल्यामध्ये खाट किंवा टेबल ठेवायचं, त्याची पाठ वळली की पुढच्या खोलीत सरकायचं. त्या रात्री किट मिळालं. पळायचं मात्र नाही, पावलांचा आवाज त्याला लांबून कळतो.

मोशन ट्रॅकरवर सगळा भरवसा टाकू नका. तो फक्त हालचाल दाखवतो. एलियन स्तब्ध उभा असेल तर पडद्यावर ठिपका दिसत नाही. शिवाय तो जवळ असताना ट्रॅकरची पिकपिक त्यालाही ऐकू जाते. ट्रॅकरपेक्षा हेडफोन लावून कान द्या. जमिनीवरची पावलं जड आणि सावकाश वाजतात, व्हेंटमधली धडधड वरून येते. हा फरक कानात बसला की निम्मं काम झालं. छताच्या भोकातून लाळ ठिबकताना दिसली तर त्याखालून कधीच जाऊ नका.

कन्सोलवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये एकदा बघा. मायक्रोफोनवरून तुमच्या खोलीतला खरा आवाज गेममध्ये घ्यायची सोय आहे. ती चालू असेल तर तुमचं खोकणंही त्याला ऐकू जातं.

सेव्हच्या यंत्रात कार्ड घातल्यावर तीन दिवे लागेपर्यंत गेम चालूच असतो, म्हणून आधी कानोसा घ्या.

पुढे फ्लेमथ्रोअर हाती येईल. त्याने एलियन मरत नाही, नुसता पळून जातो, आणि सारखा वापरलात तर हळूहळू धीट होत जातो. म्हणून जाळ अगदी थोडा सोडा. कधीकधी नळी त्याच्याकडे नुसती रोखून धरली तरी तो जागीच थबकतो. तेवढ्यात एकेक पाऊल मागे घेत दार गाठायचं.