किडनीसारखं स्वादुपिंड पण काढून बर्फात ठेवता येतं का? किती तास टिकतं?

हो, ठेवतात, पण किडनीइतका वेळ मिळत नाही. किडनी २४ तासांच्या पुढेही चालते, स्वादुपिंड मात्र शक्यतो १२ तासांच्या आत बसवायचं बघतात.

कारण हा अवयव फार नाजूक, लोण्यासारखा मऊ, आणि आत पाचक रस भरलेले, म्हणजे नीट हाताळलं नाही तर स्वतःलाच पचवायला लागतो. म्हणून काढताना सर्जन ग्रंथीला थेट हात लावायचं टाळतात, प्लीहा चिकटलेलीच ठेवतात आणि तिलाच मुठीसारखं धरून सगळं उचलतात, सोबत ड्युओडेनमचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) तुकडा पण येतो कारण रस बाहेर पडायचा रस्ता तोच आहे.

मग डोनरच्या शरीरातच थंड सोल्युशन सोडून रक्त धुवून काढतात. सगळ्यात नावाजलेलं म्हणजे यूडब्ल्यू, विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात बनवलेलं, त्यातले लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज पेशींना पाणी पिऊन फुगू देत नाहीत. पण सोल्युशन जास्त जोरात किंवा जास्त प्रमाणात गेलं तर स्वादुपिंडच सुजतं, आणि सुजलेल्या ग्रंथीत नंतर रक्ताची गुठळी व्हायची भीती, तीच खरी मोठी भीती. किडनीला मशीनवर, म्हणजे आतून सोल्युशन सतत फिरवत, ठेवणं आता रुळलंय, इथे ते अजून तसं रुळलेलं नाही त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि नुसत्या बर्फात नाही हं, सोल्युशन भरलेल्या स्टराइल पिशवीत, एकात एक अशा पिशव्या, आणि बाहेरून बर्फ. बर्फ थेट लागला तर पेशी गोठून मरतात.